पन्नास हजारांत डीजेचे सामान घेताना विकत काय घ्यावे, भाड्याने काय आणावे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी उत्तर कशाचे देतो आहे हे स्पष्ट राहील. तुम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहता, हळदीचे आणि लग्नाचे कार्यक्रम तसेच कॉलेजची गॅदरिंग वाजवावी अशी तुमची इच्छा आहे, घरात ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप आहे आणि हाताशी ५०,००० रुपये आहेत. दुकानदाराने तुम्हाला चार चॅनलचा, म्हणजे एका वेळी चार गाणी हाताळणारा, मोठा कंट्रोलर (लॅपटॉपमधली गाणी हाताने चालवायचे आणि मिसळायचे यंत्र) हप्त्यांवर आणि त्यासोबत १५ इंची पॉवर्ड, म्हणजे आतच ॲम्प्लिफायर असलेल्या, स्पीकरची जोडी सुचवली आहे. ओळखीतल्या एका व्यक्तीचे म्हणणे असे की, क्लबमध्ये असतात तसे जुने सीडीजे, म्हणजे लॅपटॉपशिवाय गाणी वाजवणारी पायोनियरची यंत्रे, मिळाले तर तेच घ्या. या दोन सल्ल्यांतला कोणता मानावा, असे तुम्ही विचारले आहे.

दोन्ही मानू नका, असे मी सांगेन. शिकण्यासाठी लागणारे सामान वेगळे आणि कार्यक्रम उभा करण्यासाठी लागणारे सामान वेगळे. तुमच्याकडचे ५०,००० रुपये पहिल्या सामानाला व्यवस्थित पुरतात, दुसऱ्याला अजिबात पुरत नाहीत, आणि दोन्ही एकाच रकमेत बसवायला गेलात तर हातात येणारे सामान ना सरावाला नीट उपयोगी पडते ना मांडवात. स्पीकर, स्टँड, मिक्सर, माइक, लाइट हे सारे तुमच्या तालुक्यात भाड्याने मिळते. ते ठेवणारे साउंडवाले वर्षानुवर्षे तोच धंदा करत असतात आणि त्यांच्या पेट्या तुमच्या पहिल्या जोडीपेक्षा निश्चितच सरस असतात. भाड्याने मिळत नाही तो तुमच्या कानाला आणि हाताला होणारा रोजचा सराव. म्हणून ज्या वस्तूमुळे रोजचा सराव अचूक होतो तिच्यावर पैसे घाला आणि बाकीचे कार्यक्रमापुरते आणा.

हे उत्तर काही गोष्टींवर अवलंबून आहे, त्या आधीच सांगतो. तुम्हाला पुढे मुंबई, पुणे किंवा गोव्याच्या क्लबमध्ये वाजवायचे असेल तर तिथे बहुधा पायोनियरचे सीडीजे आणि डीजेएम मिक्सर मांडून ठेवलेले असतात, तुम्ही फक्त पेनड्राइव्ह आणि हेडफोन घेऊन जाता. अशा वेळी त्याच घराण्याच्या मांडणीवर आणि रेकॉर्डबॉक्स या सॉफ्टवेअरवर हात बसलेला असणे फायद्याचे ठरते. लग्नसमारंभ वाजवायचे असतील तर यंत्र तुम्हालाच न्यावे लागते, त्यामुळे ते हलके, टिकाऊ आणि लवकर जोडता येणारे हवे. निव्वळ हौस म्हणून घरी वाजवायचे असेल तर यापेक्षा निम्म्या पैशांतही काम भागते. तुम्ही हळदी आणि गॅदरिंग म्हणता आहात, म्हणून पुढचे सगळे त्या दृष्टीने लिहितो.

कंट्रोलर निवडताना मी सर्वांत आधी त्याची मागची आणि पुढची बाजू पाहतो. वरचे दिवे आणि पॅड नंतर. डीजेचे मूळ काम असे असते की, लोकांना एक गाणे ऐकू येत असताना तुम्ही पुढचे गाणे फक्त हेडफोनमध्ये ऐकून त्याची लय जुळवता आणि योग्य मात्रेवर ते सोडता. यालाच क्यू म्हणतात. त्यासाठी लॅपटॉपमधून दोन स्वतंत्र स्टिरिओ आवाज बाहेर यावे लागतात, एक मास्टरचा, म्हणजे लोकांना ऐकू जाणारा, आणि दुसरा हेडफोनचा, आणि हे काम कंट्रोलरमध्ये बसवलेले साउंड कार्ड करते. काही स्वस्त यंत्रांत साउंड कार्डच नसते. पायोनियरचा डीडीजे-२०० हा त्यातला माहितीतला नमुना आहे. जुन्या बाजारात तो कमी किमतीत दिसतो, पण त्याला स्वतःचा आवाज बाहेर काढण्याची सोय नाही. त्याच्याबरोबर स्प्लिटर केबल वापरून डाव्या बाजूने मास्टर आणि उजव्या बाजूने क्यू घ्यावा लागतो, म्हणजे दोन्ही आवाज मोनो होतात. घरी खेळायला ते चालेल, कार्यक्रमाला चालणार नाही. म्हणून पहिली अट ही की, यंत्राला मास्टर आउट आणि हेडफोन आउट हे दोन्ही स्वतःचे असले पाहिजेत.

दुसरी अट टेम्पो फेडरची (गाण्याचा वेग बदलणारी सरकती दांडी) आणि जॉग व्हीलची (गाणे हाताने पुढे-मागे ढकलायची गोल चकती) आहे, आणि आपल्याकडचे संगीत वाजवणाऱ्यासाठी ती फार महत्त्वाची आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. परदेशी हाउस किंवा टेक्नो संगीत संगणकावर एकसारख्या ठोक्याने बांधलेले असते, त्यामुळे सॉफ्टवेअरने त्याची बीट ग्रिड, म्हणजे ठोक्यांवर आखलेल्या रेषा, एकदा बरोबर बसवली की शेवटपर्यंत ती बरोबर राहते आणि दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणारे सिंकचे बटण दाबले तरी काम होते. हळदीला मात्र तुम्ही कोळीगीते, लावण्या, जुनी हिंदी गाणी आणि नव्या रिमिक्स अशी सरमिसळ वाजवणार आहात. जुन्या गाण्यांत वादकांनी एकत्र बसून, क्लिक ट्रॅकशिवाय, म्हणजे कानात एकसारखे ठोके देणाऱ्या यंत्राविना, वाजवलेले असते. मुखड्याला असलेली लय अंतऱ्यात किंचित चढते आणि कडव्याच्या शेवटी पुन्हा सैल पडते. अशा गाण्यावर सॉफ्टवेअरने आखलेल्या रेषा सुरुवातीला ढोलकीच्या ठोक्यावर बरोबर बसतात आणि दोन मिनिटांनी पाहावे तर ठोका एकीकडे आणि रेष दुसरीकडे असते. रेकॉर्डबॉक्समध्ये विश्लेषणाची डायनॅमिक नावाची पद्धत आहे, ती लावल्यावर ग्रिड लयीबरोबर सरकत जाते आणि पुष्कळ सुधारणा होते, पण ढोलकीच्या भरगच्च बोलांत तीही चुकते. कोळीगीतांचा ठेका सहा मात्रांच्या अंगाने चालतो, म्हणून मिनिटाला १०० ठोक्यांच्या (१०० बीपीएम) चालीचे गाणे सॉफ्टवेअरने १५० दाखवणे हेही वारंवार घडते, आणि मग सिंक दाबल्यावर भलतेच काहीतरी ऐकू येते.

याचा अर्थ असा की तुम्हाला लय हातानेच जुळवावी लागणार. आता हिशेब पाहा. १०० बीपीएमच्या गाण्यावर फेडरची मर्यादा अधिक-उणे ६ टक्के ठेवली, तर फेडरच्या पूर्ण लांबीत १२ बीपीएम बसतात. फेडर ६० मिलिमीटर लांब असेल तर एका मिलिमीटरला ०.२ बीपीएम पडतात. तो १०० मिलिमीटर असेल तर ०.१२ पडतात. ०.२ चा फरक किरकोळ वाटतो, पण दोन गाणी एकत्र चालू असताना एका मिनिटात ती एकमेकांपासून १२० मिलिसेकंद सरकतात, आणि दोन ढोलक्यांचे ठोके इतके सरकले की घोडा दुडकल्यासारखा आवाज समोरच्या नाचणाऱ्यांनाही जाणवतो. अगदी लहान यंत्रांत फेडर बोटाच्या पेराएवढा असतो आणि जॉग व्हील बशीहून लहान. त्यावर हे जुळवणे कसबी माणसालाही जड जाते. म्हणून दुकानात गेलात तर फेडर शून्यापासून सावकाश हलवून पाहा, स्क्रीनवरचा आकडा ०.१ च्या आसपासच्या पायऱ्यांनी बदलतो की एकदम उड्या मारतो ते बघा, आणि जॉग व्हीलची कड एका बोटाने ढकलून गाणे थोडे पुढे-मागे नेता येते का ते बघा. माझ्या मते नवशिक्याच्या यंत्राची ही खरी परीक्षा आहे.

आता नावे घेतो. या दोन्ही अटी पाळणारे आणि तुमच्या कामाला पुरेसे असे यंत्र म्हणजे पायोनियरचा डीडीजे-एफएलएक्स४. तो दोन चॅनलचा आहे, लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालतो, रेकॉर्डबॉक्स आणि सेराटो डीजे लाइट या दोन्हींबरोबर वापरता येतो, आणि त्याची मांडणी क्लबमधल्या यंत्रांशी मिळतीजुळती आहे. त्याच्या आधीचा डीडीजे-४०० अजून जुन्या बाजारात मिळतो आणि चांगल्या स्थितीतला मिळाला तर तोही निःशंक घ्यावा. पैसे थोडे वाचवायचे असतील तर हर्क्युलिसचा डीजेकंट्रोल इन्पल्स ३०० पाहा. त्यावर लय जुळवण्यासाठी बाणांचे दिवे आहेत, ते कोणत्या बाजूला सरकायचे हे दाखवतात, आणि काही दिवसांनी ते बंद करून फक्त कानावर विसंबता येते. शिकणाऱ्याला ही सोय मोलाची आहे. न्युमार्कच्या मिक्सट्रॅक मालिकेतली यंत्रे मोठ्या जॉग व्हीलसाठी अनेकांना आवडतात आणि लग्नाचे काम करणाऱ्यांत ती बरीच दिसतात. किमती सतत वरखाली होतात, म्हणून आकडा न देता प्रमाण सांगतो: कंट्रोलरवर एकूण रकमेच्या साठ टक्क्यांहून अधिक खर्च करू नका. एफएलएक्स४ नवा त्यात बसत नसेल तर डीडीजे-४०० जुना घ्या किंवा इन्पल्सकडे वळा. हप्ते करू नका.

चार चॅनलचे काय, असे तुम्ही विचाराल. दोन गाणी नीट जुळवता यायला लागल्यावर तिसऱ्याची गरज कधी पडते हे तुमचे तुम्हालाच कळेल, आणि हळदीत ती क्वचित पडते. चार चॅनलचे यंत्र आकाराने मोठे, वजनाने जड आणि बहुधा वेगळा ॲडाप्टर मागणारे असते. मांडवात तुम्हाला मिळणारे टेबल हे केटररचे अरुंद टेबल असते, हेही लक्षात ठेवा. लॅपटॉपशिवाय चालणारी यंत्रे, जसे न्युमार्कचा मिक्सस्ट्रीम प्रो किंवा डेनॉनची प्राइम मालिका, सोयीची आहेत खरी, पण लॅपटॉप आधीच घरात असताना त्याचे काम करणाऱ्या स्क्रीनसाठी पुन्हा पैसे देण्यात अर्थ नाही.

जुन्या सीडीजेंबद्दल मला आदर आहे आणि तुमच्या ओळखीच्या माणसाचा हेतूही चांगला असावा. तरीही हिशेब पाहिला पाहिजे. सीडीजे-१००० हे यंत्र २००१ मध्ये आले आणि त्या पिढीच्या यंत्रांवर फक्त सीडी वाजते. रेकॉर्डबॉक्समध्ये तयार केलेल्या पेनड्राइव्हवरून वाजवण्याची सोय सीडीजे-२००० बरोबर २००९ मध्ये आली. म्हणजे तुमच्या पैशांत मिळतील त्या जोडीची लेझर झिजलेली असण्याची शक्यता मोठी, सीडी जाळत बसावे लागणार आणि त्याशिवाय मिक्सर वेगळा घ्यावा लागणार. तो मार्ग आज नवशिक्यासाठी नाही.

तुमचा लॅपटॉप दोन चॅनलच्या कामाला पुरेल, फक्त त्यात एसएसडी असल्याची खात्री करा. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर कंट्रोलरच्या रकमेतून थोडे पैसे काढून आधी ती बदला. गाण्यातून आवाज, ढोलकी आणि बाकीची वाद्ये वेगळी काढण्याची जी नवी सोय आहे ती प्रोसेसरवर मोठा ताण टाकते, म्हणून कार्यक्रमात ती वापरू नका. यंत्राचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने बाहेर काढणारे छोटे सॉफ्टवेअर) टाका आणि सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये बफर, म्हणजे एका वेळी साठवल्या जाणाऱ्या आवाजाच्या नमुन्यांची संख्या, २५६ वर ठेवून पाहा. ४४,१०० हर्ट्झला २५६ नमुने म्हणजे सुमारे ६ मिलिसेकंद, हात आणि आवाज यांत अंतर जाणवत नाही. आवाज तडतडला तर ५१२ करा. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी पोर्टला झोपवणारी सोय असते, ती बंद केलीच पाहिजे, नाहीतर ऐन कार्यक्रमात कंट्रोलर क्षणभर तुटल्यासारखा वागतो. वाय-फाय बंद, अपडेट थांबवलेले, आणि लॅपटॉप चार्जरवर असला तरी बॅटरी पूर्ण भरलेली, अशी सवय सरावातच लावून घ्या.

हेडफोनवर मात्र काटकसर करू नका. ते बंद कपांचे, तारेचे आणि एका कानावरून मागे फिरवता येणारे हवेत. ब्लूटूथ हेडफोन कितीही महाग असले तरी या कामाला निरुपयोगी आहेत, कारण त्यांत आवाज पोहोचायला १०० ते २०० मिलिसेकंद सहज लागतात; १२० बीपीएमच्या गाण्यात एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची असते, म्हणजे तुम्ही जे ऐकता ते जवळजवळ अर्धी मात्रा मागे असू शकते. याच कारणाने सरावासाठी ब्लूटूथ स्पीकरही वापरू नका. त्यात ऑक्सची जागा असेल तर तारेने जोडा. ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम४०एक्सचे कप फिरतात आणि त्याची तार काढून बदलता येते, म्हणून त्याच घराण्यातल्या एम२०एक्सपेक्षा मी तो सुचवतो. तुटते ती नेहमी तारच. सेनहायझरचा एचडी २५ हा डीजेंचा जुना विश्वासू हेडफोन आहे, त्याचा प्रत्येक भाग सुटा मिळतो, पण सध्या तुमच्या हिशेबात तो बसवणे कठीण आहे.

इथवरचा हिशेब एकदा मांडतो. साठ टक्के, म्हणजे ३०,००० पर्यंत, कंट्रोलर. ८,००० ते १०,००० हेडफोन. ४,००० च्या आसपास केबल, पिना, डीआय बॉक्स (आवाज लांबच्या तारेने नेण्याजोगा करणारी लहान डबी) आणि कंट्रोलर ठेवायची पॅडिंगची बॅग. उरलेले गाण्यांसाठी आणि अडीअडचणीसाठी. घरी ऐकायला जे जुने होम थिएटर किंवा टेप-अॅम्प असेल ते तूर्त वापरा. पुढे पैसे आले की पाच इंची मॉनिटर स्पीकरची जोडी घ्या.

स्पीकरबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण दुकानदाराचा भर तिथेच होता. १५ इंची दोन पॉवर्ड स्पीकर घेतले की त्यांचे स्टँड, केबल, ने-आण करणारी गाडी, ती उतरवणारा माणूस आणि पावसाळ्यात ठेवायची कोरडी जागा हेही आले. शिवाय उघड्या मैदानातल्या हळदीला ती जोडी बेसशिवाय अपुरी पडते आणि लहान हॉलमध्ये गरजेपेक्षा जास्त होते. साउंडवाल्याला जागा पाहून पेट्या कमीजास्त करता येतात. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवण्यास २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे आणि निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे; पेट्या तुमच्या मालकीच्या असतील तर पोलिसांच्या कारवाईत त्या तुमच्याच जातात. सुरुवातीच्या काळात ही जबाबदारी अंगावर घेऊ नये, असे मला मनापासून वाटते. आवाज आवरता ठेवणे हे डीजेच्याच हातात असते, आणि शेजारच्या घरात एखादे आजारी माणूस किंवा तान्हे मूल असते हे विसरून चालत नाही.

साउंडवाल्याबरोबर काम करायचे म्हणजे जोडणी नीट समजून घ्यावी लागते. एफएलएक्स४ सारख्या यंत्रातून मास्टरचा आवाज फक्त आरसीए (टीव्हीमागे असतात तशा लाल-पांढऱ्या) पिनांतून बाहेर पडतो. साउंडवाल्याच्या मिक्सरला एक्सएलआर (माइकची तीन काड्यांची पिन) किंवा पी-३८ (पाव इंची जाड जॅक) लागते. म्हणून आरसीए ते पी-३८ अशा केबलचे दोन जोड कायम बॅगेत ठेवा, एक वापरायला आणि एक राखीव. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत अशा पिना आणि चांगली शिल्डची तार मिळते. डाग देता येत असेल तर स्वतः बनवलेली केबल बाजारातल्या तयार केबलपेक्षा जास्त टिकते. आरसीएचा आवाज बॅलन्स्ड नसतो, म्हणजे तारेत वाटेत शिरणारी गुणगुण त्यात रोखली जात नाही, म्हणून ही केबल चार-पाच मीटरहून लांब नेऊ नका. मिक्सर लांब असेल तर टेबलापाशीच डीआय बॉक्स लावून पुढे एक्सएलआरने न्या. मांडवात जनरेटर असतो, अर्थिंगचा भरवसा नसतो आणि लॅपटॉपचा चार्जर लावताच स्पीकरमधून घूं असा आवाज सुरू होतो. चार्जर क्षणभर काढून पाहा. आवाज थांबला तर दोष अर्थिंगच्या लूपचा आहे, आणि ट्रान्सफॉर्मर असलेल्या डीआय बॉक्सने तो मिटतो. चार्जरची अर्थिंगची पिन तोडून टाकणारे लोक दिसतील. तसे कधीही करू नका, ती पिन तुमच्या जिवासाठी आहे.

आरसीएची ठरलेली पातळी व्यावसायिक मिक्सरच्या पातळीपेक्षा सुमारे १२ डेसिबल कमी असते, त्यामुळे नवा मुलगा आवाज कमी पडतो म्हणून मास्टर लाल दिव्यापर्यंत चढवतो आणि मग गाणे फाटते. फाटलेला आवाज पुढच्या कोणत्याही यंत्रात दुरुस्त होत नाही. तुम्ही चॅनलचा गेन (आत येणाऱ्या आवाजाची पातळी) हिरव्यात, अधूनमधून पिवळ्यात ठेवा आणि साउंडवाल्याला त्याच्या मिक्सरचा गेन वाढवायला सांगा. असे नम्रपणे सांगणाऱ्या मुलाला ही मंडळी पुढे स्वतःहून सुपाऱ्या देतात. निवेदकाचा माइक तुमच्या कंट्रोलरला लावू नका, तो थेट त्यांच्या मिक्सरला जाऊ द्या, म्हणजे शिट्टी आली तर ती आवरणारा माणूस तिथे उभा असतो. आणखी एक मागणी जरूर करा: एक लहान पेटी तुमच्या टेबलाकडे तोंड करून लावून घ्या. आवाजाला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. मुख्य पेट्या १५ मीटरवर असतील तर त्यांचा ठोका तुमच्या कानाला ४० मिलिसेकंदांहून अधिक उशिरा येतो आणि हेडफोनमधल्या ठोक्याशी तो जुळवताना तुम्ही हमखास फसता.

गाण्यांच्या फाइल्स ३२० केबीपीएसच्या एमपी३ किंवा त्याहून चांगल्या असू द्या. व्हिडिओवरून उतरवलेले गाणे मोबाइलवर ठीक वाटते, पण मोठ्या पेटीवर त्यातली झांज पाण्यात बुडाल्यासारखी ऐकू येते आणि ढोलकीची चाटी बोथट होते. पाच मिनिटांचे गाणे या दर्जात सुमारे १२ एमबी होते, म्हणजे हजार गाणी १२ जीबीत मावतात. एक ३२ जीबीचा पेनड्राइव्ह प्रतीसाठी वेगळा ठेवा. जुन्या मराठी गाण्यांच्या सीडी घरी असतील तर त्यांवरून उतरवून घ्या, तो दर्जा सहसा उत्तम मिळतो. मंगल कार्यालयात इंटरनेटवर विसंबून स्ट्रीमिंगने वाजवण्याचा विचारही करू नका.

कानांसाठी इअरप्लग घ्या. हे मी हौसेच्या वस्तूंत धरत नाही. अमेरिकेतील एनआयओएसएच ही संस्था ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही मर्यादा धरते आणि दर ३ डेसिबलला ती निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे उरतात. हळदीत टेबलामागचा आवाज याहून कमी असतो असे समजू नका. रात्री घरी आल्यावर कानात शीळ वाजत राहिली तर ती इजेची खूण आहे, आणि अशी इजा वारंवार झाली तर ऐकू येणे कायमचे कमी होऊ शकते.

पैसे खर्च करण्यापूर्वी एक गोष्ट करून पाहा. मिक्स (Mixxx, स्पेलिंगमध्ये तीन एक्स असलेले) हे मुक्त आणि विनामूल्य डीजे सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाका आणि कीबोर्डवरच दोन गाणी जुळवायला सुरुवात करा. एखादे साधे यूएसबी साउंड कार्ड लावले तर त्यात मास्टर एकीकडे आणि हेडफोन दुसरीकडे असे वेगळे करता येतात. पंधरा दिवस रोज तासभर बसून पहिली मात्रा ओळखता यायला लागली, आठ-आठ मात्रांचे वळण कानाला कळायला लागले, तर कंट्रोलर घ्या. तोवर तुम्हाला त्यात काय हवे हेही नेमके कळलेले असेल.

जुने यंत्र घेणार असाल तर ते विकणाऱ्याच्या घरी, तुमच्याच लॅपटॉपवर लावून पाहा. त्याआधी त्या मॉडेलचा ड्रायव्हर तुमच्या विंडोजवर चालतो का हे कंपनीच्या संकेतस्थळावर तपासा, कारण ड्रायव्हर बंद झालेले चांगले यंत्रही निरुपयोगी असते. एका डेकवर (यंत्राच्या एका बाजूला) गाणे चालू ठेवून क्रॉसफेडर (एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारी आडवी सरकती दांडी) पूर्ण दुसऱ्या टोकाला न्या आणि हेडफोनमध्ये मास्टर ऐका. पुसटसा जरी आवाज झिरपत असेल तर फेडर झिजलेला आहे. टेम्पो फेडर मध्यावर आणल्यावर स्क्रीनवर बरोबर शून्य येते का आणि हात काढल्यावर आकडा आपोआप थरथरतो का ते पाहा. जॉग व्हीलच्या वरच्या पृष्ठभागावर बोट हलकेच टेकवल्याबरोबर गाणे थांबले पाहिजे आणि बोट उचलताच सुटले पाहिजे. न टेकवता थांबत असेल तर सेन्सरमध्ये ओल गेलेली आहे, आणि कोकणातून किंवा किनाऱ्यावरून आलेल्या यंत्रांत हे विशेष तपासावे. हेडफोनची पिन लावून ती गोल फिरवा, यूएसबीची तार यंत्रापाशी हलकेच हलवा, प्रत्येक ईक्यूचे (जाड-बारीक आवाज कमीजास्त करणारे) बटण सावकाश फिरवून खरखर ऐका. खरखर बहुधा धुळीची असते आणि काँटॅक्ट क्लीनरने जाते, तेवढ्यासाठी किंमत कमी करून मागा. यूएसबीचे सॉकेट हलत असेल, किंवा एका बाजूचा आरसीए मुका असेल, तर मात्र कितीही स्वस्त देत असले तरी ते यंत्र तिथेच राहू द्या.